क्वार्टरबॅक आणि त्याचे रक्षक

अमेरिकेंत शरद् ऋतु लागला कीं तेथील शहरांशहरांतून एका खेळाचें वेड पसरतें. तेथले लोक त्या खेळाला नुसतें 'फुटबॉल' म्हणतात. पण इतर जगांत ज्याला फुटबॉल म्हणतात त्याच्याशीं त्याचें नामसाम्यापलीकडे फारसें नातें उरलेलें नाहीं. चेंडू वाटोळा नसून लांबट आणि दोन्ही टोकांना निमुळता असतो. तो पायापेक्षां हातांतच अधिक वेळ राहतो. आणि अकरा अकरा गड्यांचे दोन संघ एकमेकांवर अक्षरशः तुटून पडतात. ह्या गर्दींत सर्वांचे डोळे एका गड्याकडे लागलेले असतात. तो म्हणजे क्वार्टरबॅक. संघ जिंकला तर हार त्याच्याच गळ्यांत पडतो आणि हरला तर खापरहि त्याच्याच माथ्यावर फुटतें. परंतु त्याच्यापुढें जे पांच धिप्पाड गडी उभे असतात, त्यांचीं नांवेंहि पुष्कळ प्रेक्षकांना ठाऊक नसतात. फेंकणाऱ्याचें कौशल्य आणि त्याला राखणाऱ्यांचें बळ, ह्या दोहोंपैकीं आक्रमण खरोखर कशावर उभें असतें, हा वाद ह्या खेळांत आज कित्येक पिढ्या चालत आला आहे. त्याचें उत्तर शोधूं गेलें म्हणजे ह्या खेळाचा सारा इतिहासच निराळ्या बाजूनें दिसूं लागतो.

त्या इतिहासाचा आरंभ ६ नोव्हेंबर १८६९ रोजीं न्यू जर्सी संस्थानांतील न्यू ब्रन्सविक येथें झाला असें मानतात. त्या दिवशीं रटगर्स आणि प्रिन्स्टन ह्या दोन महाविद्यालयांचे पंचवीस पंचवीस विद्यार्थी मैदानावर उतरले, आणि रटगर्सनें ६ विरुद्ध ४ असा विजय मिळविला. हा खेळ अद्यापि इंग्लंडांतील फुटबॉलचेंच एक ओबडधोबड रूप होता. त्याला स्वतंत्र आकार दिला तो येल विद्यापीठाच्या वॉल्टर कॅम्प ह्यानें. १८८० सालीं त्याच्या आग्रहावरून संघांतील गड्यांची संख्या अकरावर आली, आणि चेंडूसाठीं झोंबाझोंबी करण्याऐवजीं एका संघाच्या ताब्यांत चेंडू देऊन प्रत्येक चाल एका ठराविक रेषेवरून सुरू करण्याची पद्धति पडली. मधला गडी चेंडू मागें देई, व जो तो घेई त्याला क्वार्टरबॅक हें नांव मिळालें. कारण तो पुढची फळी आणि हाफबॅक ह्यांच्या दरम्यान उभा असे. त्या काळीं त्याचें काम मध्यस्थाचें होतें. चेंडू घ्यावयाचा आणि दुसऱ्या कोणा दमदार गड्याच्या हातीं सोंपवावयाचा, एवढेंच. तो पुढें राजा होईल अशी कोणाला कल्पनाहि नव्हती.

१८८२ सालीं आणखी एक नियम आला. तीन चालींत पांच यार्ड पुढें सरका, नाहीं तर चेंडू प्रतिपक्षाला द्या. पांच यार्ड म्हणजे फार मोठें अंतर नव्हे. तेवढें अंतर मिळविण्यास कौशल्याची गरज नव्हती. दहा गड्यांनीं एकमेकांना घट्ट धरावें, चेंडू घेतलेल्याला मध्यें घ्यावें आणि समोरच्यांच्या अंगावर जाऊन आदळावें, म्हणजे काम झालें. १८९२ सालीं हार्वर्डच्या संघानें येलविरुद्ध पाचरीच्या आकाराची अशीच एक धडक वापरली. दोन बाजूंनीं धांवत येणारे गडी एका टोंकाशीं मिळत आणि समोरच्या एकाच गड्यावर सर्व भार घालीत. ही युक्ति दोनच वर्षांत नियमबाह्य ठरली. पण तिच्यामागची वृत्ति राहिलीच. हाडें मोडणें हें नित्याचें झालें. १९०५ च्या एका हंगामांत अठरा-एकोणीस तरुण खेळतांना मृत्यु पावल्याचें वृत्तपत्रांनीं प्रसिद्ध केलें.

हा आंकडा ऐकून सारा देश हादरला. कांहीं विद्यापीठांनीं खेळ बंद केला. कांहीं बंद करण्याच्या बेतांत होतीं. त्याच वर्षीं ऑक्टोबर महिन्यांत अध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट ह्यांनीं हार्वर्ड, येल आणि प्रिन्स्टनच्या प्रतिनिधींना आपल्या निवासस्थानीं बोलावून खेळ सुधारण्याविषयीं बजावलें. रूझवेल्ट हे मर्दानी खेळांचे अभिमानी. त्यांना खेळ मारावयाचा नव्हता, माणसें मरूं द्यावयाचीं नव्हतीं. वर्षअखेर महाविद्यालयांच्या सभा भरल्या, आणि १९०६ मध्यें नवे नियम झाले. तीन चालींत पांचाऐवजीं दहा यार्ड जाण्याची अट आली. आणि तिच्या जोडीला, आजवर निषिद्ध असलेली एक गोष्ट मान्य झाली. चेंडू हातानें पुढें फेंकण्यास परवानगी मिळाली.

ही परवानगी देणाऱ्यांच्या मनांत सौंदर्याचा विचार नव्हता. गर्दी फुटावी एवढाच त्यांचा हेतु होता. चेंडू दूर जाऊं लागला म्हणजे बचाव करणाऱ्यांनाहि मैदानभर पसरावें लागेल, आणि एकाच जागीं वीस देहांचा ढीग पडणार नाहीं, असा त्यांचा हिशेब होता. ह्या दृष्टीनें पाहिलें असतां पुढें फेंकलेला चेंडू हा मुळांत जीव वाचविण्यासाठीं शोधलेला उपाय होता. परंतु नियमकर्ते भीतभीतच वागत होते. फेंकलेला चेंडू कोणाचाहि हात न लागतां जमिनीवर पडला तर तो सरळ प्रतिपक्षाला मिळे. ५ सप्टेंबर १९०६ रोजीं विस्कॉन्सिनमधील वॉकिशॉ येथें सेंट लुइस विद्यापीठाच्या ब्रॅडबरी रॉबिन्सन ह्यानें नव्या नियमान्वयें पहिली फेंक केली. ती फुकट गेली व चेंडू हातचा गेला. त्याच सामन्यांत पुढें त्याची फेंक जॅक श्नायडर ह्यानें झेलली, आणि तीच ह्या खेळांतील पहिली सफल फेंक म्हणून नोंदली गेली. तरीहि पूर्वेकडील मोठीं विद्यापीठें ह्या प्रकाराकडे दुर्लक्षच करीत राहिलीं. १९१२ मध्यें चालींची संख्या चारावर गेली व गोलरेषेपलीकडे फेंकण्यास मोकळीक मिळाली. पुढच्याच वर्षीं, १ नोव्हेंबर १९१३ रोजीं, नोटर डेमच्या संघानें वेस्ट पॉइंट येथें लष्करी विद्यालयाच्या बलाढ्य संघाला ३५ विरुद्ध १३ असें नमविलें. गस डोराए फेंकीत होता आणि क्नूट रॉक्नी धांवतां धांवतां झेलीत होता. त्या दिवसानंतर कोणालाहि फेंक ही पोरांची गंमत वाटली नाहीं.

तथापि क्वार्टरबॅकच्या भाग्याचा उदय व्हावयाला आणखी पाव शतक लागलें. ह्या काळांत 'सिंगल विंग' नांवाची रचना प्रचलित होती. तींत चेंडू बहुतेक वेळां थेट मागच्या टेलबॅककडे जाई. धांवणें आणि फेंकणें तोच करी. क्वार्टरबॅक हें नांव धारण करणारा गडी त्याच्यापुढें राहून अंगावर येणाऱ्यांना अडवी. म्हणजे जो पुढें सर्वांत जपला जाणार, तो त्या वेळीं स्वतःच दुसऱ्याला जपत होता! १९३३ सालीं धंदेवाईक लीगनें आरंभरेषेच्या मागून कोठूनहि चेंडू फेंकण्यास मुभा दिली. त्यापूर्वी फेंकणाऱ्याला रेषेपासून निदान पांच यार्ड मागें असावें लागे. त्याच सुमारास चेंडूहि अधिक निमुळता होऊन हातांत नीट बसूं लागला. मग शिकागो बेअर्सचा सूत्रधार जॉर्ज हॅलस आणि त्याचा सल्लागार क्लार्क शॉनेसी ह्यांनीं जुन्या 'टी' रचनेला नवें रूप दिलें. तींत क्वार्टरबॅक मधल्या गड्याच्या पाठीशींच उभा राही आणि प्रत्येक चेंडू प्रथम त्याच्या हातीं येई. चेंडू कोणाला द्यावयाचा, द्यावयाचें नुसतें सोंग करावयाचें कीं स्वतः फेंकावयाचा, हें तो ठरवी. ८ डिसेंबर १९४० रोजीं ह्याच रचनेनें बेअर्सनीं अंतिम सामन्यांत वॉशिंग्टनचा ७३ विरुद्ध ० असा धुव्वा उडविला. तीनच आठवड्यांपूर्वी हाच वॉशिंग्टनचा संघ बेअर्सना ७ विरुद्ध ३ असा भारी पडला होता. बेअर्सच्या सिड लकमनला त्या दिवशीं फार थोड्याच वेळां चेंडू फेंकावा लागला. पण तो कोणत्याहि क्षणीं फेंकील ह्या धास्तीनेंच प्रतिपक्षाची फळी पांगली. त्यानंतर दहा वर्षांच्या आंत जवळजवळ सर्व संघांनीं ही रचना स्वीकारली.

पण ह्या नव्या वैभवाबरोबर एक नवें संकट आलें. बुद्धिबळांत वजीर आणि राजा हीं दोन मोहरीं निराळीं असतात. वजिरानें हवें तिकडे फिरून मारा करावा, आणि राजाला इतरांनीं जपावें. ह्या खेळांत तीं दोन्ही मोहरीं एकाच माणसांत येऊन बसलीं. जो सर्वांत दूर मारा करतो तोच सर्वांत असहाय असतो. कारण चेंडू फेंकण्यासाठीं त्याला उभें राहावें लागतें, दृष्टि दूरवर ठेवावी लागते, हात मागें न्यावा लागतो आणि बरगड्या उघड्या टाकाव्या लागतात. ह्या सर्वांला त्याला मिळणारा वेळ सुमारें अडीच ते तीन सेकंदांचा. तेवढ्या अवधींत त्याचा झेलणारा गडी ठरल्या वाटेनें धांवून मोकळा झाला पाहिजे, आणि तेवढा अवधि पुढच्या पांच जणांनीं, म्हणजे एक सेंटर, दोन गार्ड व दोन टॅकल ह्यांनीं, आपल्या अंगावर झेलून त्याला विकत घेऊन दिला पाहिजे.

ही गोष्ट प्रथम शास्त्र म्हणून हाताळली ती क्लीव्हलँडच्या पॉल ब्राउन ह्यानें. १९४६ सालीं स्थापन झालेल्या आपल्या संघांतील अडविणाऱ्या गड्यांना त्यानें पुढें धांवून टक्कर देण्याऐवजीं मागें सरत सरत पेल्याच्या आकाराचें कडें करावयास शिकविलें. फेंकणारा ऑटो ग्रॅहम त्या कड्याच्या आंत उभा राही. हल्ला करणाऱ्यांना कडें फोडून आंत येतां येत नसे. त्यांना वळसा घालावा लागे, आणि वळसा घालीपर्यंत चेंडू निघून गेलेला असे. ह्या कड्यालाच पुढें 'पॉकेट' म्हणूं लागले. त्याचें फळ असें कीं १९४६ पासून १९५५ पर्यंतच्या दहाहि वर्षीं क्लीव्हलँडचा संघ आपल्या लीगच्या अंतिम सामन्यांत पोंचला, आणि त्यांपैकीं सात वेळां अजिंक्य ठरला. ग्रॅहमची कीर्ति योग्यच होती. पण त्या कीर्तीचा पाया त्या कड्यानें घातलेला होता. आणि कडें फुटलें म्हणजे काय होतें हेंहि त्याच्या वांट्यास आलें. १९५३ सालीं एका टोल्यानें त्याचें तोंड फुटलें, तेव्हां शिरस्त्राणाला पारदर्शक पट्टी लावून ब्राउननें त्याला पुन्हां मैदानांत पाठविलें.

बचावाची बाजूहि स्वस्थ बसली नाहीं. १९६० नंतरच्या दशकांत लॉस एंजेलिस रॅम्सच्या डीकन जोन्स ह्यानें फेंकणाऱ्याला चेंडूसकट पाडण्याच्या कृतीला 'सॅक' हें नांव रूढ केलें; जिंकलेलें शहर लुटून उध्वस्त करावें, असा त्या शब्दाचा भाव. जोन्सचें आवडतें हत्यार म्हणजे अडविणाऱ्याच्या डोक्यावर बसणारी थप्पड. ती बसली कीं अडविणारा क्षणभर डोळे मिटी, व तेवढ्यांत जोन्स निसटे. बिचाऱ्या अडविणाऱ्याला मात्र हात पसरण्याचीहि मुभा नव्हती. परिणामीं १९७७ मध्यें एका संघाला एका सामन्यांत सरासरी अवघे १७.२ गुण मिळूं लागले, आणि प्रेक्षक कंटाळूं लागले. त्याच वर्षीं ती थप्पड नियमबाह्य ठरली, आणि १९७८ मध्यें अडविणाऱ्यांना हात लांबवून व पंजे उघडे ठेवून प्रतिस्पर्ध्याला रोखण्याची परवानगी मिळाली. झेलणाऱ्यांनाहि पांच यार्डांपलीकडे धक्का देण्याची मनाई झाली. फेंकीचा सुकाळ सुरू झाला तो येथून. फेंकणाऱ्यांचे हात एका वर्षांत अधिक बळकट झाले नव्हते. त्यांच्या रक्षकांचे हात मोकळे झाले होते.

ह्या प्रश्नाला दुसऱ्या बाजूनें उत्तर दिलें तें बिल वॉल्श ह्यानें. राखणारे अधिक वेळ देऊं शकत नसतील, तर फेंकणाऱ्यानेंच कमी वेळांत फेंकावें, हें त्याचें सूत्र. सॅन फ्रान्सिस्कोच्या संघांत त्यानें जो मोंटॅना ह्याला मोजून पावलें टाकावयास शिकविलें. मागें सरण्याचें तिसरें किंवा पांचवें पाऊल पडतांच अमुक गडी अमुक ठिकाणीं वळलेला असावयाचा, आणि चेंडू तत्क्षणीं सुटावयाचा. तरीहि ३ जानेवारी १९८२ च्या सामन्यांत न्यू यॉर्क जायंट्सच्या लॉरेन्स टेलरसारखा झंझावात समोर आला, तेव्हां वॉल्शला नुसत्या घड्याळावर भिस्त ठेवतां आली नाहीं. त्यानें जॉन एअर्स ह्या गार्डला त्याच्या नेहमींच्या जागेवरून मागें घेऊन खास टेलरच्या वाटेंत उभें केलें. सॅन फ्रान्सिस्कोनें तो सामना ३८ विरुद्ध २४ असा जिंकला, आणि त्याच महिन्यांत संघ अजिंक्य ठरला. विजयाच्या छायाचित्रांत मोंटॅना झळकला. एअर्सचें नांव जाणकारांनींच काय तें लक्षांत ठेविलें.

टेलर जेथून येई ती बाजू उजव्या हातानें फेंकणाऱ्याच्या पाठीची, म्हणजे डावीकडची. त्या बाजूचें संकट फेंकणाऱ्याला दिसत नाहीं. १८ नोव्हेंबर १९८५ च्या रात्रीं वॉशिंग्टन येथें जो थाइझमन ह्या क्वार्टरबॅकचें कडें कोसळलें, टेलर त्याच्या अंगावर पडला आणि थाइझमनचा पाय मोडला. मदतीसाठीं हातवारे करून आकांतानें बोलावीत सुटला तो स्वतः टेलरच. लक्षावधि लोकांनीं हा प्रकार दूरचित्रवाणीवर पाहिला. छत्तीस वर्षांचा थाइझमन पुन्हां कधींहि खेळला नाहीं. संघांच्या मालकांना जी गोष्ट पुस्तकांनीं पटली नसती ती अशा प्रसंगांनीं पटली. १९९३ पासून गड्यांना संघ बदलण्याचें स्वातंत्र्य मिळतांच, पूर्वी अनामिक असलेल्या डाव्या टॅकलचें मोल झपाट्यानें वाढून तो संघांतील सर्वांत महाग गड्यांपैकीं एक होऊन बसला.

तर मग सर्व श्रेय रक्षकांचेंच मानावें काय? तसेंहि नाहीं. १९८४ सालीं मायामीच्या डॅन मरीनो ह्यानें ५,०८४ यार्ड आणि ४८ टचडाउन अशी फेंक केली, जी तोंवर कोणीहि केली नव्हती. आणि सोळा सामन्यांत तो अवघा तेरा वेळां सांपडला. फळी उत्तम होती हें खरें, पण मरीनोच्या हातून चेंडू सुटण्याची गतिहि विलक्षण होती; फळीचें निम्में काम तोच हलकें करी. तोच मरीनो २० जानेवारी १९८५ च्या अंतिम सामन्यांत चार वेळां पाडला गेला, आणि संघ ३८ विरुद्ध १६ असा हरला. ह्याच्या उलट उदाहरण डेव्हिड कारचें. २००२ सालीं ह्यूस्टनचा नवा संघ निघाला आणि होतकरू तरुणांच्या निवडींत सर्वांत प्रथम निवडलेला हा मुलगा पहिल्याच हंगामांत ७६ वेळां पाडला गेला. हा उच्चांक आहे. फळी कच्ची होती. पण चेंडू हातांत धरून ठेवण्याची खोडहि त्यांत होती, असें जाणत्यांचें मत. वारंवार मार खाल्लेला फेंकणारा पुढें कडें शाबूत असतांहि कडें फुटल्यासारखाच वागूं लागतो; त्याची नजर दूरच्या झेलणाऱ्यावरून हटून जवळच्या हल्लेखोरावर खिळते. म्हणजे दुबळ्या फळीनें केलेलें नुकसान पडझडीच्या आंकड्यांत पुरतें दिसत नाहीं. तें न केलेल्या फेंकींत लपलेलें असतें.

मोठ्या सामन्यांनीं हा न्याय पुनःपुन्हां दिलेला आहे. ३ फेब्रुवारी २००८ रोजीं न्यू इंग्लंडचा संघ अठरा सामने अपराजित राहून अंतिम सामन्यास आला. त्यानें हंगामांत ५८९ गुण केले होते. जायंट्सच्या हल्ल्यानें टॉम ब्रेडीला पांच वेळां पाडलें, आणि त्या विक्रमी संघाला चौदाच गुण करतां आले. सामना १७ विरुद्ध १४ असा गेला. पण त्याच सामन्याच्या शेवटीं जायंट्सचा ईलाय मॅनिंग कडें फुटल्यावर दोघांच्या पकडींतून निसटून दूर फेंकतो व तो चेंडू झेलला जातो, ही गोष्टहि तितकीच खरी. ७ फेब्रुवारी २०२१ रोजीं कॅन्सस सिटीचे दोन्ही नेहमींचे टॅकल जायबंदी होते. पॅट्रिक महोम्ससारखा असामान्य फेंकणारा सबंध सामनाभर जीव घेऊन धांवत राहिला, आणि त्याच्या संघाला एकहि टचडाउन न करतां ३१ विरुद्ध ९ असें हरावें लागलें. प्रतिभा एखादी चाल वाचवूं शकते. सबंध सामना वाचविण्यास भिंत लागते.

ह्या भिंतीच्या विटांची एक गोष्ट सांगितल्यावांचून हा इतिहास पुरा होत नाहीं. पिट्सबर्गच्या संघानें १९७५ ते १९८० ह्या वर्षांत चार वेळां 'सुपर बोल' हा अंतिम सामना जिंकला. फेंकणारा होता टेरी ब्रॅडशॉ, आणि त्याला चेंडू देऊन लगेच त्याच्यापुढें भिंत होऊन राहणारा सेंटर होता माइक वेब्स्टर. वेब्स्टर सतरा हंगाम खेळला. प्रत्येक चालीला डोकें पुढें करून टक्कर घेणें हाच त्याचा धंदा. त्याला मोठमोठे मान मिळाले. पण उत्तरायुष्यांत त्याची स्मृति ढळली, संसार विसकटला आणि घरहि राहिलें नाहीं. २००२ सालीं पन्नासाव्या वर्षीं तो वारला. त्याच्या मेंदूची तपासणी नायजेरियांत जन्मलेल्या बेनेट ओमालू ह्या वैद्यानें केली. वारंवार बसलेल्या आघातांनीं होणारी मेंदूची व्याधि त्याला त्यांत आढळली, आणि २००५ मध्यें त्यानें ती विद्वानांपुढें मांडली. ह्या व्याधीला कारण मोठे अपघात नव्हेत. रोजच्या लहान टकरीहि तिला पुरतात. आणि तशा टकरी ज्यांना सर्वांत अधिक घ्याव्या लागतात ते हेच, फळींतले गडी.

१९०६ सालीं तरुणांचे जीव वाचविण्यासाठीं चेंडू हवेंत उडविला गेला. त्यामुळें मैदानावरचे ढीग फुटले, खेळ देखणा झाला, आणि एका माणसाला राजपद मिळालें. त्या राजाला जपण्यासाठीं नियमांवर नियम झाले व तें योग्यच झालें. परंतु संकट नाहींसें झालें नाहीं. त्यानें केवळ आपली जागा बदलली. फेंकणारा कीं राखणारे, ह्या जुन्या वादाचें उत्तर गुणफलकावर पाहूं गेल्यास दोघांत वांटून द्यावें लागतें. कारण चांगल्या हाताला भिंत लागते आणि चांगल्या भिंतीचें सार्थक चांगल्या हातानेंच होतें. पण किंमत कोणी मोजली असें विचारलें, तर ती पुष्कळदां त्यांनीं मोजली, ज्यांच्या हातीं चेंडू क्षणापुरताच येतो किंवा कधींच येत नाहीं.